मोर्सचे श्रुतलेखन
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'मोर्स लिपी ऐकण्याचा अभ्यास' असा आहे. सत्कार आणि अल्पोपहार यांच्या मध्ये हा विषय कोठून आला, असा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात उभा राहिला असेल, आणि तो रास्तच आहे. १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक तार आपल्या देशात प्रथम टाकण्यात आली. १५ जुलै २०१३ पासून ती तारसेवाच बंद झाली. तारघरातील यंत्राचा कट्ट-कडकट्ट तर त्यापूर्वीच थांबला होता. समुद्रावरील जहाजांनाही १ फेब्रुवारी १८९९ नव्हे, तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांवर आधारलेली नवी संकटसूचक व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्स जाणणाऱ्या अधिकाऱ्याची त्यांना गरज उरली नाही. मग ज्या विद्येने कोणाला नोकरी मिळत नाही, ती शिकण्यात वेळ का दवडावा?

माझे उत्तर थोडक्यात असे आहे, की मोर्स ऐकण्याच्या अभ्यासाने मनुष्याला दुसऱ्याचे बोलणे जसे आले तसे घेण्याची सवय लागते. ही सवय आज दुर्मिळ झाली आहे. ती इतक्या स्वस्तात आणि इतक्या निश्चितपणे शिकविणारी दुसरी शाळा माझ्या पाहण्यात नाही. मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म मराठी शाळेत मुलांना श्रुतलेखन घालण्यात घालविलेला एक शिक्षक आहे. सेवानिवृत्तीनंतर मला हौशी रेडिओचा नाद लागला. तेव्हा जे सांगावयाचे ते शिक्षकाच्या दृष्टीनेच सांगतो.

हौशी रेडिओ म्हणजे काय, हे प्रथम दोन शब्दांत सांगितले पाहिजे. सरकारची परीक्षा देऊन व परवाना घेऊन, धंद्यासाठी नव्हे तर केवळ ज्ञानासाठी व स्नेहासाठी, स्वतःच्या रेडिओ यंत्राने जगातील समानशील माणसांशी संभाषण करणारे लोक प्रत्येक देशात आहेत. त्यांना 'हॅम' असेही म्हणतात. ते आवाजाने बोलतात, संगणकाच्या साहाय्याने अक्षरे पाठवितात आणि त्यांतील कित्येक अजूनही मोर्सने बोलतात. मोर्सने बोलणाऱ्यांची ही हौस केवळ जुन्याची आवड म्हणून टिकलेली नाही. मानवी आवाज वाहून नेण्यास लहरींची जेवढी रुंदी लागते, तिच्या अगदी थोड्या अंशात मोर्सचे काम भागते. त्यामुळे जेथे आवाज गोंगाटात बुडून जातो, तेथे मोर्सचा बारीक स्वर अजून कानाला लागतो. घरातल्या लहान दिव्याला पुरेल एवढ्या, म्हणजे पाच वॅट शक्तीवर अनुकूल वेळी समुद्रापलीकडे संदेश पोहोचतो. यंत्र दुबळे असले तर चालते, पण कान दुबळा असून चालत नाही.

आता लिपीकडे वळू. अमेरिकेत सॅम्युएल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला प्रसिद्ध तारसंदेश पाठविला. त्यांच्या यंत्राची मूळ योजना डोळ्यांसाठी होती. येणाऱ्या खुणा कागदाच्या पट्टीवर उमटत आणि कारकून त्या पाहून वाचीत असे. परंतु यंत्राशेजारी रोज बसणाऱ्या कारकुनांच्या ध्यानात लौकरच आले, की पट्टीकडे न पाहताही, नुसत्या खटक्यांवरून मजकूर समजतो. वरिष्ठांना प्रारंभी हे पसंत नव्हते, कारण कागदावरची खूण हा पुरावा आणि कानाचा भरवसा काय! पण कामाचा वेग कानानेच वाढला आणि थोड्याच वर्षांत कागदाची पट्टी मागे पडून ऐकून लिहिण्याचीच रीत सर्वत्र रूढ झाली. विद्येचा जनक तिला लिपी समजत होता. तिच्या सेवकांनी ती भाषा आहे हे ओळखले.

या भाषेत दोनच ध्वनी आहेत. एक आखूड आणि एक लांब. लिहिताना आपण त्यांना बिंदू व रेषा म्हणतो, ऐकताना 'डिट' व 'डा' म्हणतो. बिंदू एक मात्रेचा धरला तर रेषा तीन मात्रांची. एकाच अक्षरातील दोन ध्वनींमध्ये एक मात्रा विराम, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा आणि दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजण्यासाठी 'पॅरिस' हा इंग्रजी शब्द प्रमाण मानलेला आहे, कारण शेवटच्या विरामासह तो बरोबर पन्नास मात्रांचा भरतो. मिनिटाला वीस शब्दांचा वेग म्हणजे मिनिटाला एक हजार मात्रा. म्हणजेच एका सेकंदात सोळा-सतरा बिंदूंइतका काळ जातो. येथे विरामालाही अर्थ आहे, हे विसरू नये. कोठे थांबले हे ज्याला कळले नाही, त्याला काय म्हटले तेही कळत नाही.

मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. आपल्या छंदःशास्त्रातही ध्वनी दोनच आहेत, लघु आणि गुरु. फरक एवढाच, की आपला गुरु दोन मात्रांचा आणि मोर्सची रेषा तीन मात्रांची. तीन अक्षरांचा एक गण, आणि लघु-गुरूंच्या तीन जागांच्या मांडण्या आठच होऊ शकत असल्याने गणही आठच. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र आपण सर्वांनी घोकलेले आहे. आता नवल पाहा. मोर्समध्ये तीन खुणांची अक्षरेही बरोबर आठ आहेत, एकही मांडणी रिकामी नाही. य गण म्हणजे लघु, गुरु, गुरु. तो इंग्रजी डब्ल्यू. म गण, तीनही गुरु, तो ओ. त गण जी, र गण के, ज गण आर, भ गण डी, न गण, तीनही लघु, तो एस, आणि स गण यू. उरलेला एकटा लघु म्हणजे ई व एकटा गुरु म्हणजे टी. भुजंगप्रयातात चार य गण असतात. म्हणजे समर्थांच्या मनाच्या श्लोकांचा प्रत्येक चरण मोर्सवाल्याच्या कानाला चार वेळा डब्ल्यू ऐकू यावा असा आहे. शार्दूलविक्रीडिताचे गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी ग. ते मोर्समध्ये ओ, यू, आर, यू, जी, जी, टी असे उतरतात. आणि सर्व जगाला ठाऊक असलेली संकटाची हाक एस-ओ-एस, जी १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरली आणि १९०८ पासून अंमलात आली, तिचे गण कोणते? न, म, न. 'नमन'! हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कोणी प्राचीन विद्येचा दाखला शोधू नये. परंतु मराठी मुलाला ती हाक आयुष्यभर लक्षात ठेवण्यास याहून सुंदर साधन मिळणार नाही.

येथेच एक इशारा दिला पाहिजे. गण पाडणे हे शिक्षकाचे काम, चाल धरणे हे विद्यार्थ्याचे. श्लोक म्हणणारा मुलगा लघु-गुरु मोजीत बसत नाही. चाल त्याला आपोआप पुढे नेते. तबला शिकणाऱ्याला 'तिरकिट' हा एकच बोल वाटतो, चार आघात वाटत नाहीत. मोर्सचेही तसेच आहे. जो नवशिका भिंतीवर तक्ता लावून 'लघु गुरु म्हणजे ए' असे पाठ करतो, त्याला प्रत्येक ध्वनीनंतर मनातल्या तक्त्याकडे धाव घ्यावी लागते. मिनिटाला पाच शब्दांपर्यंत ही धावाधाव निभते. दहा शब्दांच्या आसपास पाय थकतात आणि मनुष्य म्हणतो, 'आपल्याला हे जमणार नाही.' वस्तुतः त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याने वाट चुकीची धरलेली असते.

योग्य वाट जर्मनीतील लुडविग कोख या मानसशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात दाखविली. त्याचे म्हणणे असे, की प्रारंभापासूनच अक्षर पूर्ण वेगाने ऐकवावे, म्हणजे मोजण्यास वेळच मिळणार नाही आणि कान अक्षराचा अखंड आकार ओळखू लागेल. मात्र पहिल्या दिवशी अक्षरे दोनच घ्यावीत. आजच्या पाठांत ती बहुधा के आणि एम असतात. या दोहोंचे पाच-पाचांचे उलटसुलट गट ऐकून लिहावे. शंभरांत नव्वद बरोबर येऊ लागली, की तिसरे अक्षर मिळवावे. पुन्हा नव्वद आली, की चौथे. अशा रीतीने पुढे जावे. याला जोडून दुसरी एक युक्ती फार्न्सवर्थ यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. अक्षर वेगानेच वाजवावे, पण दोन अक्षरांमधील विराम मुद्दाम लांबवावा. त्यामुळे अक्षराची चाल बिघडत नाही आणि लिहिण्यास उसंत मिळते. पुढे विराम हळूहळू आखडता घ्यावा.

अभ्यास किती वेळ करावा? माझा अनुभव आणि शिक्षणशास्त्राचे सांगणे येथे एकच आहे. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज सकाळी पंधरा व संध्याकाळी पंधरा मिनिटे बसणे पुष्कळ श्रेयस्कर. कान थकला, की तो शिकणे थांबवितो आणि चुका मात्र पाठ करतो. उपकरणेही फारशी लागत नाहीत. सराव करण्यासाठी मोबाइल फोनवर मोर्स ऐकविणारे कार्यक्रम फुकट मिळतात. घरी जोडणी करण्याची आवड असलेला मुलगा थोडक्या खर्चात 'पीं' असा स्वर काढणारे छोटे यंत्र बनवू शकतो. चांगला हेडफोन आणि एक रेघी वही घ्यावी, म्हणजे सारा संसार झाला.

पहिल्या महिन्यात अक्षरे झपाट्याने वाढतात. मग एकाएकी प्रगती थांबते. एस, एच आणि ५ हा आकडा, म्हणजे तीन, चार आणि पाच बिंदू, यांची सरमिसळ होऊ लागते. आठवड्यांमागून आठवडे जातात आणि आकडा पुढे सरकत नाही. या अवस्थेत पुष्कळजण छंद सोडून देतात. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील इंडियाना प्रांतात ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ व १८९९ साली तारमास्तरांच्या शिक्षणाचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. प्रत्येक आठवड्याला विद्यार्थ्याचा वेग मोजून त्यांनी आलेख काढले. पाठविण्याचा वेग एकसारखा चढत जातो, पण घेण्याचा वेग काही काळ चढतो, मग कित्येक आठवडे सपाट राहतो आणि नंतर पुन्हा उसळी घेतो, असे त्यांना दिसून आले. त्यांनी कारणही दिले. प्रथम विद्यार्थी अक्षरे ऐकतो. ती पुरती अंगवळणी पडली म्हणजे तो शब्द ऐकू लागतो, आणि त्यानंतर वाक्यांश. सपाटीच्या काळात वरून काही दिसत नसले, तरी आत खालची पायरी पक्की होत असते. पहिलीतील मूल 'क-म-ळ' असे बोट ठेवून वाचते आणि एके दिवशी बोट न ठेवता 'कमळ' म्हणते. आदल्या दिवशी त्याच्यात काही फरक दिसला होता काय? तद्वत येथेही समजावे. ज्यांची मुले परीक्षेत एका जागी अडकलेली वाटतात, त्या आईबापांनीही ही सपाटी ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोर्स घेणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू वेग नव्हे, गोंगाट नव्हे, तर स्वतःचा अंदाज होय. एक उदाहरण देतो. समोरचा मनुष्य आपल्या गावाचे नाव पाठवीत आहे. एम, यू, एम, बी अशी चार अक्षरे आली. आपल्या मनाने लगेच 'मुंबई' ठरवून टाकली. पुढचे अक्षर 'डि-डा' असे सुरू झाले. मुंबईतील ए तोच, म्हणून आपण निर्धास्तपणे ए लिहिला आणि कान बंद केला. परंतु त्या 'डि-डा'च्या मागे आणखी एक बारीकसा 'डिट' होता. ते अक्षर ए नव्हते, आर होते. तो गृहस्थ मुंब्र्याचा होता. ध्वनी कानावर पडला होता, पण ऐकणाऱ्याच्या आधी त्याचे मत पोहोचले होते.

श्रुतलेखनात हेच घडते. गुरुजी वाक्य सांगतात आणि हुशार मुलगा वाक्य पुरे होण्याआधीच स्वतःचा शेवट लिहून मोकळा होतो. मंद मुलाच्या चुका दिसतात व सुधारता येतात. हुशाराची चूक मात्र शुद्ध मराठीत असते, म्हणून ती सापडत नाही. दुसरा प्रकार त्याच्या उलट. एक शब्द निसटला, की काही मुले तेथेच अडून बसतात, पाटीकडे पाहत राहतात, आणि तेवढ्यात पुढचे तीन शब्द निघून जातात. मोर्सच्या अभ्यासाचा नियम या दोघांनाही औषध आहे. जे आले तेच लिहावे. जे निसटले त्याच्या जागी एक छोटी रेघ ओढावी आणि पुढच्या अक्षराला हजर व्हावे. गेलेल्या अक्षराचा शोक करू नये, न आलेल्या अक्षराची घाई करू नये. मुरलेले लोक तर एक अक्षर मागे राहून लिहितात. कान पुढच्या अक्षराशी आणि हात मागच्याशी असतो. त्यामुळे अंदाज बांधण्याची खोडच सुटते. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण संसारात चालत असेल. मोर्समध्ये ऐकावे जनाचे आणि लिहावेही जनाचेच.

या शिस्तीवर केवढे मोठे कार्य उभे राहू शकते, याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडते. इंग्लंडमध्ये सरकारने हौशी रेडिओ जाणणारे सुमारे दीड हजार लोक गुप्त कामासाठी निवडले. दिवसा आपला नोकरीधंदा सांभाळून ही माणसे रात्री घरच्या खोलीत हेडफोन लावून बसत आणि जर्मन हेरखात्याचे क्षीण मोर्स संदेश टिपून घेत. ते संदेश सांकेतिक होते. अक्षरांचे निरर्थक गट, ज्यांचा अर्थ लिहिणाऱ्याला कळणे शक्यच नव्हते. लिहिलेले कागद ते एका ठरावीक पत्त्यावर पाठवून देत. तेथून ते ब्लेचली पार्क येथील संकेत उलगडणाऱ्या विद्वानांकडे जात. येथे अंदाजाला जागाच नव्हती. एक अक्षर मनाने भरले, तर उलगडणाऱ्याची वाट चुकणार. मोकळी सोडलेली जागा मात्र त्याला इशारा देई, की येथे सांभाळ. आपण टिपले त्याचे पुढे काय झाले हे त्या बहुतेकांना कित्येक वर्षे कळलेही नाही. फळाची वार्ता न कळता काम करणे आपल्याकडे गीतेमुळे सर्वांना तोंडपाठ आहे. त्या लोकांनी ते मध्यरात्री कानाने केले.

दुसरे उदाहरण खुद्द मार्कोनीचे. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिक महासागराच्या पश्चिम तीरावर, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, पतंगाने उंच नेलेली तार जोडून मार्कोनी कानाला टेलिफोनची नळी लावून बसले होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील पोल्ढू येथून एस हे अक्षर पुनःपुन्हा पाठविले जात होते. तीन बिंदू, आपला न गण. मार्कोनींनी ते ऐकले आणि त्यांचे सहकारी केंप यांनीही ऐकले, असे त्यांनी जाहीर केले. परंतु त्या ऐकण्याची कोणतीही यांत्रिक नोंद नव्हती. जे ऐकावयाचे ते आधीच ठाऊक होते, आणि वातावरणातील विजेचे खटकेही तसेच कानावर येतात. यामुळे त्या दिवशी खरोखर काय ऐकू आले, याविषयी शास्त्रज्ञ आजही वाद करतात. मार्कोनींची थोरवी अशी, की ते वादावर थांबले नाहीत. १९०२ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'फिलाडेल्फिया' या जहाजावरून अटलांटिक ओलांडताना तेच प्रयोग पुन्हा केले आणि या वेळी संदेश कागदाच्या पट्टीवर उमटवून त्यांवर जहाजावरील अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या. स्वतःच्या कानावरही पुरावा मागावा, हे मोठेपणाचे लक्षण आहे.

घरात स्वरयंत्रावर सराव करणे आणि प्रत्यक्ष आकाशातील लहरी ऐकणे, यांत विहिरीत पोहणे आणि भरतीच्या समुद्रात उतरणे एवढे अंतर आहे. हॅम लोकांनी त्यासाठी तीन-तीन अक्षरांचे संकेत ठेवले आहेत. दुसऱ्या केंद्रांची गर्दी झाली तर 'क्यू आर एम', आकाशातील विजेचा खरखराट असेल तर 'क्यू आर एन', स्वर लाटेसारखा वरखाली होऊ लागला तर 'क्यू एस बी'. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे वळवाच्या दिवसांत इतका कडकडाट असतो, की शंभर कोसांवर चमकलेली वीजही हेडफोनमध्ये फुटते. हाच पट्टा दिवसा जवळच्या केंद्रांशी बोलण्यास उपयोगी पडतो आणि रात्री दूरदेशीचे स्वर आणतो, कारण वातावरणाच्या वरच्या थरांची स्थिती सूर्यास्ताबरोबर बदलते. अशा गोंगाटात हवा तेवढाच एक स्वर धरून ठेवणे, बाकीचे चालू असू देणे आणि त्यांच्यावर न चिडणे ही साधना आहे. बाजारात हात धरलेले मूल आईचा आवाज गर्दीतून वेगळा काढते; मोर्सवाल्याचा कान पुन्हा त्या मुलासारखा होतो.

आणखी एक संकेत मला फार आवडतो. 'क्यू आर एस', म्हणजे 'कृपया सावकाश पाठवा'. हा संकेत आला, की कितीही वेगवान मनुष्य असो, त्याने नवशिक्याच्या वेगाला उतरून बोलावे, असा हॅम मंडळींचा शिष्टाचार आहे. तसे न करणाऱ्याचे कौतुक होत नाही. विद्येत पुढे गेलेल्याने मागे असलेल्याच्या चालीने चालावे, हे आपल्या संस्थेच्या घटनेतही लिहून ठेवण्यासारखे कलम आहे.

परवान्याविषयी दोन शब्द. २००३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी परवान्यासाठी मोर्सची सक्तीची अट काढून टाकली. त्यानंतर अनेक देशांनी तसेच केले. अमेरिकेने २००७ साली केले. आपल्या देशात परवान्याचे वर्ग पाडताना खालच्या वर्गाला मोर्सच्या चाचणीतून मोकळीक देण्यात आली आणि वरच्या वर्गासाठी मिनिटाला आठ शब्दांची चाचणी ठेवण्यात आली. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून ज्याला परीक्षा द्यावयाची असेल त्याने अर्ज करताना ते पाहून घ्यावेत. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, एवढे प्रत्येक पालकाने मुलाला बजावले पाहिजे. घरातील सरावाला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

उपयोगाचा प्रश्न कोणीतरी विचारीलच. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानात हाहाकार केला, तेव्हा हौशी रेडिओचालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होते. दळणवळण तुटलेल्या त्या दिवसांत त्यांच्या यंत्रांनी बेटांवरील माणसांच्या खुशालीच्या वार्ता मुख्य भूमीला कळविल्या. असे काम आज मुख्यत्वे आवाजानेच होते, त्याचे श्रेय मी मोर्सला देणार नाही. परंतु १९६६ साली व्हिएतनाममध्ये कैदेत असलेले अमेरिकन वैमानिक जेरेमाया डेंटन यांना शत्रूने चित्रफितीसमोर बसविले, तेव्हा तोंडाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत असताना त्यांनी पापण्यांची उघडझाप करून मोर्समध्ये 'छळ' या अर्थाचा इंग्रजी शब्द कळविला. ज्याच्याजवळ दोन निरनिराळे इशारे करण्याचे काहीही साधन उरले आहे, त्याला ही भाषा बोलता येते. मात्र पलीकडे ती जाणणारा कोणीतरी असावा लागतो. जाणणारेच उरले नाहीत, तर हाक कितीही शुद्ध असली तरी ती व्यर्थ. सरकारची सक्ती गेली, नोकरीची गरज गेली. आता ही विद्या केवळ स्वेच्छेने अभ्यास करणाऱ्यांच्या कानांतच जिवंत राहील.

माझ्या वयाच्या मंडळींना एक दिलासा देतो. वार्धक्यात ऐकू येणे कमी होते ते प्रथम अतिउंच स्वरांचे. मोर्स ऐकताना आपण यंत्र सेकंदाला सहाशे-सातशे कंपनांच्या स्वरावर लावतो. पेटीवर सफेद एकचा षड्ज धरला तर हा स्वर तार सप्तकातील गंधाराच्या आसपास येतो. तेथे म्हाताऱ्या कानालाही बहुधा चांगले ऐकू येते. थॉमस एडिसन लहानपणापासून कमी ऐकत, तरीही तरुणपणी ते तारमास्तर होते. दुसरे आवाज ऐकू येत नसल्याने यंत्राकडे लक्ष अधिक लागे, असे ते म्हणत. आपल्या पहिल्या दोन मुलांची लाडकी नावेही त्यांनी बिंदू आणि रेषा अशा अर्थाची ठेवली होती. साठी उलटल्यावर नवे काही येत नाही, अशी समजूत ज्यांनी करून घेतली आहे, त्यांनी पंधरा मिनिटांचा हा प्रयोग दोन महिने करून पाहावा. आजोबा अक्षर वाजवितात आणि नातू लिहितो, दुसऱ्या दिवशी नात वाजविते आणि आजी लिहिते, असा उद्योग ज्या घरात सुरू होईल, त्या घरात दोन पिढ्यांना एकमेकांचे ऐकण्याची सवय निराळी लावावी लागणार नाही.

सज्जनहो, आपल्या घरांतून आणि संस्थांतून आज पाठविणारे पुष्कळ आहेत, घेणारे थोडे. सर्वसाधारण सभेत आपण सर्वच एकदम वाजत असतो! सून दोन वाक्ये बोलते, तोच तिसरे वाक्य आपण तिच्या तोंडी घालतो. मुलगा आपली अडचण सांगू लागतो, तोच आपला निकाल तयार असतो. त्या 'डि-डा'च्या मागे आणखी एक 'डिट' असेल, याची वाट पाहण्यास आपल्याला सवड नसते. मुंबई की मुंब्रा, हा घोटाळा रेडिओवर हसण्यावारी जातो. घरात मात्र त्याने माणसे दुरावतात.

म्हणून अध्यक्षमहाराजांपुढे माझी एक साधी विनंती आहे. संस्थेच्या सभागृहालगतची लहान खोली आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी एक तास, मोर्सच्या अभ्यासासाठी मिळावी. विद्यार्थ्यांना, गृहिणींना आणि सेवानिवृत्तांना सारखाच प्रवेश असावा. फी असू नये. स्वर काढणारे एक यंत्र आणि सहा हेडफोन यांची व्यवस्था मी करीन, आणि शिकविण्याचे काम अंगात शक्ती आहे तोवर आनंदाने करीन. वर्षाअखेर कोणी परीक्षा देऊन परवाना मिळविला, तर त्याचा सत्कार याच व्यासपीठावर व्हावा. कोणी परीक्षा न देता केवळ नीट ऐकण्यास शिकला, तर त्याचा सत्कार त्याच्या घरची माणसे करतील.

आपण मला शांतपणे, मध्ये न बोलता आणि माझ्या वाक्यांचा शेवट माझ्या आधी न ठरविता ऐकून घेतले, याबद्दल आपणां सर्वांचा अत्यंत आभारी आहे.